डोळ्यांना लावलेलं पान

"आज धुकं फारच पडलंय हो," बायको गॅलरीच्या दारातून म्हणाली. मी पेपर खाली ठेवला. एप्रिल महिना होता. विश्रांतवाडीतल्या आमच्या गॅलरीची फरशी सकाळीच अशी तापली होती की अनवाणी उभं राहवत नव्हतं. समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या चादरीवरची फुलं मला चष्म्याशिवाय दिसत होती. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि कुठाय धुकं म्हणून विचारलं. तिने समोर हात केला. तिथे लख्ख ऊन होतं.

ज्याच्या बायकोला दोन डोळे आहेत त्याला तेव्हा माझं काय झालं ते कळायचं नाही. माझ्या बायकोला एकच आहे. लहानपणी गोवर उठला तेव्हा तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याने तिला उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की मला दोन आहेत, दोघांना मिळून पुरतील. लग्नाळू वयात माणूस काहीही बोलतो. प्रत्यक्षात त्या एका डाव्या डोळ्यावर तिने पेठांतल्या बायकांचे ब्लाउज शिवले, मुलीचा अभ्यास घेतला, डाळ-तांदूळ निवडले आणि माझ्या चुका काढल्या. तो डोळा जाईल ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. बोललो मात्र कधी नाही. घरात दिवाळीला फटाके येऊ दिले नाहीत, एवढंच.

मी तिला माझ्याकडे वळवलं. डोळा लाल नव्हता, पाणी येत नव्हतं, चिपडं नव्हती. फक्त बुबुळ नेहमीसारखं काळंभोर दिसत नव्हतं. गार पाण्याच्या भांड्यावर बाहेरून धरतं तसं काहीतरी त्यावर धरलं होतं. मी तिच्यापुढे बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. तिने जरा वेळ घेतला आणि म्हणाली, बोटं आहेत होय ती, मला वाटलं पंचा झटकताय.

मी ओरडलो. घाबरलो की मी ओरडतो, हा माझा स्वभाव. उभा जन्म शहर बसवर कंडक्टरकी केली, घसा त्यासाठीच तयार झालेला. काय केलंस डोळ्याला, कुठे आपटलीस का, कशात हात घातलास, असं मी एका दमात सगळं विचारून घेतलं. ती दाराची चौकट धरून शांत उभी होती.

"दुखत नाहीये हो काही," ती म्हणाली. "दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

हे तिचं म्हणणं कळायला तिचे गुडघे माहीत पाहिजेत. ते गुडघे शिलाई मशीनच्या पायट्याने खाल्ले. मी मशीनला मोटर बसवून दिली होती, पण मोटरवर टाका हातात राहत नाही असं तिचं मत, आणि तिच्या मतापुढे मोटर काय नि मी काय. गुडघे दुखायला लागले तशी ती मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या आणून चहाबरोबर घ्यायची. एक दिवस मोरीत तिला उलटी झाली ती काळी, चहाच्या चोथ्यासारखी. पोटात अल्सर होऊन रक्त गेलं होतं. रक्त चढवावं लागलं, ती वाचली, आणि डॉक्टरांनी बजावलं की दुखण्याची गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही. गुडघे बदलायचं ऑपरेशन तिला नको होतं. मग राहिला झाडपाला.

तेव्हापासून आमच्या घराला एक वास आहे. निर्गुडीचा पाला उकळायचा आणि त्याच्या वाफेवर गुडघे धरायचे. सुंठ उगाळून लेप द्यायचा. कधी आंबेहळद. मेथीचे लाडू तर ती मलाही खायला लावते, माझं काही दुखत नसताना. पाहुणे दारातच नाक वर करून विचारायचे, इथे कोणी वैद्य राहतात का. मी म्हणायचो, नाही, पालाच राहतो, आम्ही पोटभाडेकरू. पण थट्टा बाजूला. तिला खरा आराम पडायचा तो रुईच्या पानाने. पान तव्यावर गरम करायचं, तिळाचं तेल लावायचं, सोसेल इतपत ऊन असताना गुडघ्यावर ठेवायचं आणि वरून अस्तराच्या कापडाची पट्टी गुंडाळायची. बांधायचं काम माझं. गाठ मारली की ती डोळे मिटून नुसतं "हां" म्हणायची. तेवढं ऐकलं की माझाही दिवस सरळ जायचा.

रुईची पानं यायची शनिवारी, मारुतीच्या देवळातून. माळेतून उतरवलेली दोन-चार पानं पुजारी तिला प्रसाद म्हणून द्यायचा. ती कोमेजलेली असायची, देठाचा चीक वाळून गेलेला असायचा. त्या शनिवारी, म्हणजे धुक्याच्या आदल्या दिवशी, मात्र मूर्तीला नवा शेंदूर चढवायचा म्हणून गाभारा बंद होता. माळ नाही, पुजारी नाही. मग तिने देवळाच्या मागच्या भिंतीला लागून वाढलेल्या झुडपाची पानं स्वतःच तोडून आणली. देवळामागचं झाड ते मारुतीचंच, असं तिचं म्हणणं. पानं चांगली हिरवीगार, टणक होती. दुपारी मीच ती बांधली आणि साबणाने हात धुतले, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

म्हणजे ही गोष्ट मला त्या रविवारी सकाळी आठवली नाही असं नाही. ओरडून झाल्यावर मी तिला पहिलं तेच विचारलं, काल चीक तर नाही ना गेला डोळ्यात. तिला रागच आला. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणाली, पानं तोडली आणि देवळाच्या नळावर हात धुतले. आणि चीक गेला असता तर डोळ्याची आग आग नसती झाली? आग झाली का? नाही. मग नाही. मलाही ते पटलं. दुखत नाही म्हणजे काही लागलेलं नाही, भाजलेलं नाही, हे कोणालाही पटेल. मग हे काय होतं? आतून काहीतरी गेलं असणार, वयामुळे, साखरेमुळे, कशाने तरी, आणि आतून गेलेलं परत येत नाही असा माझा समज.

रविवार असल्यामुळे आमच्याकडचे डोळ्यांचे दोन्ही दवाखाने बंद. नाशिकला मुलीला फोन केला. तिने तिकडे बसून शोधून सांगितलं की स्वारगेटच्या अलीकडे एका डोळ्यांच्या दवाखान्यात रविवारीही डॉक्टर असतात. बायकोला साडी बदलायची होती. मी म्हटलं, कोणाला दाखवायचीय साडी. मग मलाच वाईट वाटलं आणि मी तिच्या निऱ्या धरून दिल्या. जिना उतरताना ती प्रत्येक पायरी पायाने चाचपत होती. एरवी गुडघ्यांसाठी चाचपायची, आज डोळ्यासाठी.

रिक्षात ती माझा दंड धरून बसली. बाहेर बघत नव्हती, समोर तोंड करून नुसती बसली होती. मला एकदम लक्षात आलं की आपण कुठे पोचलो हे तिला कळत नसणार. म्हणून मी स्टॉप सांगायला लागलो. फुलेनगर. येरवडा. बंडगार्डनचा पूल. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मीही त्याच्याकडे पाहिलं, मग त्याने पुन्हा पाहिलं नाही. स्टेशन. क्वार्टर गेट. रामोशी गेट आलं तेव्हा ती म्हणाली की आता सुट्टे पैसे काढा म्हणाल. मी हसून पुढचा स्टॉप सांगितला. दंडावर तिची पकड केवढी घट्ट होती ते मला घरी परतल्यावर कळलं, तिथे वळ उठले होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या लेकीहूनही लहान वाटली. तिने बायकोची हनुवटी मशीनवर टेकवली आणि बराच वेळ आत बघत राहिली. डॉक्टर बघत असताना बोलली नाही की माणसाचा जीव अर्धा होतो. मी तिच्या पाठीकडे बघत उभा होतो. शेवटी तिने सांगितलं की बुबुळाला सूज आली आहे, आत पाणी धरलंय, म्हणून सगळं धुरकट दिसतंय. असं का झालं ते शोधायला पाहिजे.

"काकू, डोळ्याला काही लावलं होतं का? मध, तूप, गुलाबपाणी, घरगुती काहीही?"

"नाही."

"जरा आठवून सांगा."

"अहो, एकच डोळा आहे मला," बायको म्हणाली. "त्याला मी काही लावीन का?"

मीही मान हलवून साक्ष दिली. तेव्हा डॉक्टर म्हणाली की मग हा बहुधा विषाणूचा संसर्ग असावा. सूज पटकन उतरवणारे थेंब असतात, पण संसर्ग असला तर तेच थेंब डोळा बिघडवतात, म्हणून ते आत्ता देत नाही. संसर्गाचं औषध सुरू करू, दोन दिवसांनी बघू. आणि मग तिने, तिच्या मते हळूच, सांगितलं की नाहीच उतरलं तर पुढे बुबुळ बदलण्याचाही विचार करावा लागेल. बायकोने विचारलं की बदलायचं म्हणजे कोणाचं बसवणार. मृत्यूनंतर दान केलेलं, असं डॉक्टरने सांगितलं. बायकोच्या मांडीवर पर्स होती, तिची चेन ती उघडत होती आणि लावत होती.

खाली दवाखान्याचंच औषधाचं दुकान होतं. तिथल्या बाकावर मी तिला बसवलं, थेंबांची बाटली घेतली आणि तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांत घेतली, आधी डाव्या डोळ्याला लावली, मग उजव्या डोळ्याला, आणि मान लववली.

ही तिची जुनी खोड. चुकून पुस्तकाला पाय लागला, पुस्तक उचलून डोळ्यांना. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेली नोट डोळ्यांना. दसऱ्याला कात्री डोळ्यांना. अंगारा, तीर्थाची पळी, नव्या पिकाचे तांदूळ, अगदी अल्सरच्या वेळी दवाखान्यातून घरी आणलेली औषधं, सगळं आधी डोळ्यांना. तिच्याशी लग्न केल्यापासून मी हे बघत आलोय. इतकं बघितलं की मला ते दिसेनासंच झालं होतं. त्या बाकापाशी ते मला दिसलं.

"काल ते पान डोळ्यांना लावलंस?" मी विचारलं.

"कुठलं पान?"

"रुईचं. तोडल्यावर."

"मग? प्रसाद डोळ्यांना लावायचा नाही तर काय करायचं?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हटलं, अगं, आत्ता वर डॉक्टरने विचारलं ना, डोळ्याला काही लावलं का म्हणून. त्यावर ती म्हणाली की त्या औषध लावण्याबद्दल विचारत होत्या, ते वेगळं. तिचं खोटं नव्हतं. आपल्या बोलण्यात तो शब्द एकच आहे, पण देवाचं डोळ्यांना लावतात त्याला कोणी काही लावलं असं धरत नाही. श्वास घेतला का, असं कोणी विचारलं तर आपण आठवून थोडंच सांगतो. बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. तिचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. चिकाने डोळा जातो हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं. पण आग नाही झाली हो, ती म्हणत राहिली, जराशीसुद्धा नाही, देठ जरा ओलसर लागला एवढंच, मला वाटलं घाम आहे.

मी तिला दंडाला धरून जिन्यावरून वर नेलं. लिफ्ट आहे हे मला सुचलं नाही, तिचे गुडघेही मला आठवले नाहीत, आणि तीही एका शब्दाने बोलली नाही. आत दुसरा पेशंट होता. मी दार ढकलून आत गेलो आणि तिथल्या बाईंनी अडवल्यावर बसमधल्या आवाजात म्हणालो, रुईचा चीक गेलाय डोळ्यात. बाहेरच्या सगळ्या बाकांनी ते ऐकलं. डॉक्टर उठून उभी राहिली.

तिने तिथेच बायकोला आडवं करून डोळा कितीतरी वेळ सलाईनच्या पाण्याने धुतला. धुताना ती सांगत होती की हा चीक झोंबतोच असं नाही. कधीकधी तो डोळा बधिर करून टाकतो, मग दुखत नाही, म्हणून लोक उशिरा येतात. ज्याच्यामुळे गुडघ्याचं दुखणं हलकं होतं असं आम्ही मानत होतो त्यानेच डोळ्याचं दुखणं झाकून ठेवलं होतं. औषध बदललं. आधी जे थेंब देत नव्हते तेच आता दिले, शिवाय दुसरे एक, तासातासाला घालायचे. मी विचारलं, येईल ना दृष्टी परत.

"येईल बहुतेक," डॉक्टर म्हणाली. "पण बुबुळाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की परत तयार होत नाहीत. किती उरल्यात त्यावर आहे सगळं."

त्या "बहुतेक"ने मला पुढे झोपू दिलं नाही. बसस्टॉपवर म्हातारी माणसं आम्हाला विचारायची, मागची गाडी येईल ना हो मास्तर, आणि आम्ही सांगायचो, येईल बहुतेक. त्या शब्दाची किंमत मला चांगली ठाऊक होती.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. तासातासाला गजर, थेंब, ओढलेले पडदे, कारण उजेड तिला सोसत नव्हता. दुपारी ती मशीनपाशी जाऊन बसायची. शिवायची नाही, कापडावरून हात फिरवायची आणि हे कोणाचं, विचारायची. मी रंग सांगायचो. मोरपंखी म्हणायचं सोडून निळा म्हणालो की वैतागायची. गुडघे ठणकत होतेच, आणि रुई मी घरात येऊ देत नव्हतो. निर्गुडीची वाफ दिली, सुंठ लावली, ती कण्हत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते कण्हणं ऐकून बरं वाटत होतं. निदान तिथे काय चाललंय ते कळत तरी होतं. डोळा मात्र गप्प. त्याला विचारून काही कळत नव्हतं.

एकदा ती झोपलेली असताना मी डोळे मिटून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन बघितलं. माझंच घर, प्रत्येक फरशी ओळखीची, तरी दोनदा आपटलो. गॅसचं बटण हाताला लागलं तेव्हा डोळे उघडले आणि चहासाठी दूध तापत ठेवलं. मग तिथेच उभा राहून घाबरत बसलो. दृष्टी नाही आली तर हिला मी सांभाळीन, त्याचं काही नाही. पण मी आधी गेलो तर? माझं वय तिच्याहून जास्त आहे, बीपी आहे, बापाला हार्ट अटॅकच आला होता. मग ही या गॅसपाशी एकटी, रात्र की दिवस तेवढंच कळणारी. मुलगी नेईल नाशिकला, पण तिथली फरशी हिच्या ओळखीची नाही. असले विचार करत मी उभा होतो आणि दूध उतू गेलं. ती आतून म्हणाली, बघताय काय, मला वास येतोय, तुम्हाला डोळे असून दिसत नाही. मी तिच्यावर ओरडलो. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि तिला आवाज ऐकू गेला असता.

सकाळी तिला काय दिसतंय हे विचारायची मला छाती होत नव्हती. विचारलं आणि तिने काही नाही म्हटलं तर? म्हणून मी पेपर घेऊन तिच्यासमोर नुसता बसायचो आणि ती काय बोलते त्याची वाट बघायचो. मग एक दिवस ती म्हणाली की पहिल्या पानावर केवढी मोठी जाहिरात टाकलीय मेल्यांनी, बातमी कुठाय. मी पेपर तिच्या हातात दिला आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरने पुन्हा तिची हनुवटी मशीनवर टेकवली. बुबुळ स्वच्छ झालं होतं. भिंतीवरच्या अक्षरांच्या ओळी तिने वरपासून खालपर्यंत वाचल्या, शेवटची तेवढी अडली. आतल्या पेशी मात्र बऱ्याच गेल्या होत्या. या वेळी निभावलं, डॉक्टर म्हणाली, पण हा डोळा आता अजून एक धक्का सोसणार नाही. पुढे मोतीबिंदू झाला तर ऑपरेशनसुद्धा फार जपून करावं लागेल. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हात नीट धुऊन गुडघ्याला पान बांधलं तर चालेल ना. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे नका बघू, मी आता कोणाला काही सांगत नाही. शेवटी डॉक्टरने तिला सांगितलं की निर्गुडी बांधा, आंबेहळद लावा, हवं ते करा, पण चिकाचं झाड आता घरात नको. बायकोने ते मुकाट मान्य केलं.

घरी आल्यावर तिने मशीनवरचं कापड काढलं. बाहेर ऊन होतं आणि गॅलरीचा पडदा तिने पहिल्यांदाच पूर्ण सरकवला होता. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. तिने काय बघताय विचारलं. मला नेहमीसारखं काहीतरी फटकन बोलून उठून जाता आलं असतं. पण पाय हलले नाहीत, आणि तोंडातून जे इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं ते आलं.

"मला फार भीती वाटली गं," मी म्हटलं. "त्या रविवारी सकाळपासून रोज वाटतेय. अजून जात नाही."

ती कापड सारखं करत होती. तिने हात थांबवला.

"मला तर शनिवारी संध्याकाळपासूनच वाटत होती," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना तिला वात दिसेना झाली होती. तिने चाचपून लावला. पोळ्या अंदाजाने लाटल्या, मला वाढलं, स्वतः जेवली, भांडी विसळली. मी टीव्हीवर मॅच बघत होतो. मग आम्ही झोपलो, म्हणजे मी झोपलो. ती सबंध रात्र माझ्या शेजारी डोळे उघडे ठेवून पडली होती, काही दिसतंय का बघत.

मी म्हटलं, अगं, मग मला उठवलं का नाहीस? माझा आवाज चढलाच.

"दुसऱ्या दिवशी रविवार होता, रात्री कुठे नेणार होतात मला?" ती म्हणाली. "आणि सांगितलं असतं तर तुम्हाला झोप लागली नसती. म्हटलं, दोघांतल्या एकाने तरी आज झोपावं."